बंद पंपाची पूजा

साहेब चाकणच्या चौकात अडकले होते, आणि त्यांच्यापायी आमचा पंप बंद होता.

गाड्या बिनड्रायव्हरच्या झाल्या, पण चाकणचा चौक काही सुटला नाही. त्यात खंडेनवमी. नाशिक रस्त्यावर झेंडूच्या टेम्पोंची ही झुंबड. साहेब म्हणजे आमचे मालक. त्यांची गाडी आमच्याच कारखान्यातली, वेगश्री मोटर्सची, स्वतःची स्वतः चालणारी. ती बिचारी नियम पाळणार, आणि टेम्पोवाला बिनधास्त आडवा घालणार. मग हलते कशाला! साहेब आत बसून, आणि इकडं आम्ही सगळी माणसं ताट, नारळ आणि पेढे घेऊन ताटकळत उभी. अशा वेळी माझं डोकं फिरतं. ते सगळ्या कारखान्याला ठाऊक असल्यामुळं माझ्या आसपास कुणी उभं राहत नव्हतं.

मी तेजश्री टेमगिरे, वेगश्रीच्या जिरवण केंद्राची प्रमुख. हे जिरवण काय प्रकरण आहे ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

विजेवर चालणारी गाडी धूर सोडत नाही, पण ती बनवताना धूर होतोच. आम्ही छपरांवर सूर्याची वीज घेतली, साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची घेतली, पण अ‍ॅल्युमिनियम वितळवायची भट्टी अजून गॅसवर चालते. तिच्यातून निघतो कार्बन डायऑक्साइड. आणि युरोपात आता कायदा असा की, ज्या कारखान्यानं सलग एक वर्ष हवेत काहीही सोडलेलं नाही, त्याचीच गाडी बंदरात उतरू द्यायची. बाकीच्यांनी आपल्या गाड्या आपल्या घरी ठेवायच्या. आमच्या निम्म्याहून जास्त गाड्या तिकडंच जातात.

मग तो वायू घालायचा कुठं? तर आमच्या पायाखाली. आपल्या भागात काळ्या कातळाला तोटा नाही. हा ज्वालामुखीचा थिजलेला रस. त्यात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, लोह आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवला की पाणी आंबट होतं, सोड्याच्या बाटलीत असतं तसं. ते पाणी खोल बोअरमधून कातळात सोडलं की ते कातळातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि दोनेक वर्षांत त्या वायूचा चक्क पांढरा दगड होतो. दगड झाला की तो पुन्हा हवेत यायचा प्रश्नच नाही. मी स्वतः खालून नमुने काढलेत. काळ्या दगडाच्या छिद्राछिद्रांत पांढरे खडे भरलेले पाहिले तेव्हा खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं. ही विद्या खोटी नाही. मी आजही तिच्या बाजूनं भांडेन.

पण तिची एक अट आहे. वायू पाण्यात विरघळलेलाच हवा. पाणी थांबलं आणि नुसता वायू बोअरमध्ये घुसला, तर तो खाली जातच नाही. खाली पाण्याचा उभा खांब असतो, त्याला ढकलायची ताकद त्याच्यात नसते. मग तो वरच अडतो आणि बाजूला वाट शोधतो. म्हणून पंप थांबायला नको.

आणि खंडेनवमीला पंप थांबवला होता. कारण चालत्या यंत्राला कुंकू लावत नाहीत. वर्षभर राबणाऱ्या यंत्राला त्या दिवशी विसावा द्यायचा, पुसून-धुऊन हार घालायचा, नारळ फुटला की मगच बटण दाबायचं. ही इथल्या प्रत्येक कारखान्याची रीत. मागच्या खंडेनवमीपर्यंत भट्टीच बंद ठेवायचो, त्यामुळं अडचण नव्हती. यंदा नवी मोठी भट्टी आली. ती विझवली तर आतला धातू थिजून बसतो आणि भट्टीच मोडीत काढावी लागते. म्हणून असं ठरलं की भट्टी चालू ठेवायची, तिचा वायू तेवढ्यापुरता टाकीत साठवायचा, पूजा उरकली की पंप सुरू. तासाभराचं काम. तासाभराचा हिशेब चोख होता, त्यात चाकणचा चौक कुणी धरला नव्हता.

"सर, आता बास झालं," मी मिराशींना म्हटलं. मिराशी आमचे प्लँट हेड. "टाकीचा काटा लाल पट्टीला टेकलाय. तुम्हीच नारळ फोडा आणि पंप चालू करू."

"टेमगिरे, साहेबांबरोबर कुट्टी मॅडम आहेत. परीक्षक. परवा आपलं वर्ष पूर्ण होतंय. त्यांच्या समोर पूजा व्हावी अशी साहेबांची फार इच्छा आहे. चौक सुटलाय म्हणाले, दहा मिनिटांत पोचतायत."

"मघाशीपण दहाच मिनिटं होती."

युनियनचा हनुमंत येळवंडे हार सारखा करत होता. तो म्हणाला, "ताई, नारळाआधी बटण दाबायचं नाही हां. वर्षभर अपघात झाले की पोरं मला विचारतात."

मी चिमणीकडं बघितलं. टाकी भरलीच तर वायू हवेत सोडायला एक चिमणी ठेवलेली आहे. ती टाकी सांभाळणारी सिस्टीम आपणहून उघडते, नाहीतर हातानं चाक फिरवायचं. तिच्या चाकाला परीक्षकांचं शिशाचं सील. ते तुटलं की वर्ष तुटलं, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

आणि तेवढ्यात काटा खाली आला.

"बघ," मिराशी हसले. "उगाच घाबरवतेस. सुटलो."

"सुटलो कसे? गॅस काय देवाला गेला?"

"सिस्टीमनं केलं असेल काहीतरी अ‍ॅडजस्ट."

"काय अ‍ॅडजस्ट? टाकीला वाटा दोनच. एक चिमणी, एक बोअर. चिमणी तर—" मी बोलता बोलता थांबले. मिराशींनी मान फिरवली होती.

"सर, काय केलंय तुम्ही?"

"चिमणी हा पर्याय काढून टाकायला सांगितला होता मी सिस्टीमला. फक्त या आठवड्यापुरता. चुकून जरी उघडली असती तर अख्खं वर्ष पाण्यात गेलं असतं, टेमगिरे."

म्हणजे टाकी भरल्यावर सिस्टीमनं तिच्यापुढं उरलेला एकच दरवाजा उघडला होता. नुसता वायू, पाण्याविना, टाकीच्या दाबानं बोअरमध्ये चालला होता. मी पडद्यावर बोअरच्या तोंडाचा दाब बघितला. तो वाढायला हवा होता. वाढत नव्हता. वायू बोअरच्या पाइपाच्या वरच्याच सांध्यातून बाहेर फुटून मुरमात शिरला होता.

मुरमाचा थर कंपाउंडच्या भिंतीखालून उताराला जातो. उताराला पहिली विहीर आमची. म्हणजे आता माझ्या दादाची.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. खोलगट जागा मिळाली की तिथं साचून बसतो. त्याला रंग नाही, धूर नाही. विहिरीत उतरलेल्या माणसाला चार श्वासांत भोवळ येते आणि तो खाली बसतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही बसतो. अशा बातम्या आपण लहानपणापासून ऐकतोच.

आणि आज खंडेनवमी. आमची पाण्याची मोटर विहिरीत, निम्म्या पायऱ्या उतरून गेलं की जो ओटा लागतो त्याच्यावर. फुलांची तोडणी झाली की दादा हातात ताट घेऊन खाली उतरणार, मोटर पुसणार, कुंकू लावणार. आमच्या वडलांपासूनचा शिरस्ता.

मी दादाला फोन लावला. त्यानं कट केला.

दादा माझ्याशी बोलत नव्हता. बोअरसाठी कंपनीला जी जागा लागली ती माझ्या हिश्शाची. मी सही दिली, त्यानं नको म्हटलेलं असताना दिली. "बापाची जमीन भोकं पाडायला दिलीस," असं चारचौघांत म्हणाला, आणि त्यानंतर शब्द नाही. भाऊबीजेला मी गेले तर शेतात निघून जायचा. मी परत फोन लावला. परत कट. तिसऱ्यांदा मोबाइल बंद.

"उचल ना रे, गाढवा!" मी मोठ्यानं ओरडले. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

सारिका वहिनीला लावला. तिनं उचलला एकदाचा.

"तेजू? अगं, फुलं भरतीये टेम्पोत, नंतर—"

"वहिनी, दादा कुठाय?"

"मोटरच्या पूजेला गेलेत ना विहिरीत. आत्ताच गेले."

"हाक मार. आत्ताच्या आत्ता वर बोलव. विहिरीत गॅस आलाय."

ती पळत असल्याचं ऐकू येत होतं. मग तिच्या हाका. "अहो! अहो, वर या! अहो, ऐकताय का?" उत्तर नव्हतं. मग तिचा आवाज एकदम बदलला. "तेजू, ते खाली बसलेत गं. मान खाली गेलीये. मी उतरते—"

"खबरदार! वहिनी, पायरीवर पाय ठेवायचा नाही. तुला माझी शपथ आहे. तू उतरलीस तर तूही जाशील आणि त्याचा काही उपयोग नाही. काठावर थांब, कुणालाही उतरू देऊ नकोस. मी येतीये."

हनुमंतनं सगळं ऐकलं होतं. त्यानं हातातला हार खाली टाकला. "दोर घेऊन पळतो, ताई," म्हणाला, आणि चार पोरं घेऊन गेटकडं सुटलासुद्धा. नारळाचं वगैरे त्याच्या डोक्यातून गेलं.

मला आधी वायू थांबवायचा होता. बोअरचा व्हॉल्व्ह नुसता बंद केला तर टाकी फुटली असती, आणि टाकीभोवती माणसं उभी होती. चिमणी उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी चाकाकडं गेले तर मिराशी आडवे.

"थांब. एक मिनिट थांब. मी डॉक्टरांची गाडी पाठवतो, फायरवाले पाठवतो. पण हे सील तोडू नकोस."

"सर, बाजूला व्हा."

"चार हजार माणसं आहेत इथं. पुढच्या महिन्यात जहाज भरायचंय. वर्ष तुटलं तर ती ऑर्डर गेली, दुसरी पाळी गेली. तुझ्याच गावची पोरं आहेत दुसऱ्या पाळीला. तुझा सख्खा भाचा पेंटशॉपला आहे ना? विचार कर जरा!"

ते खोटं बोलत नव्हते. तेच तर वाईट होतं. माणूस ढळढळीत नालायक असला की धक्का मारायला सोपं जातं.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही बोलताय तेवढ्या वेळात माझा भाऊ विहिरीत तुमचा गॅस ओढतोय."

ते बाजूला झाले नाहीत. मीच त्यांना ढकललं. पान्यानं सील तोडलं, चाक फिरवलं, चिमणी फुत्कारली. मग बोअर बंद केला. हवेच्या टाक्या असलेले दोन मुखवटे आमच्याकडं भिंतीला टांगलेले असतात. एक पाठीला लावला, एक खांद्याला अडकवला, आणि पळत सुटले.

विहिरीवर वहिनी कठड्याला धरून हाका मारत होती. हनुमंतनं तिचा दंड घट्ट पकडून ठेवला होता. दोर सोडून तयार होता. आत डोकावले. पाणी स्वच्छ, ऊन पायऱ्यांवर पडलेलं, सगळं नेहमीसारखं. एवढ्या शांत जागेची मला आयुष्यात कधी भीती वाटली नव्हती. ओट्यावर मोटर, तिला ओलं कुंकू, आणि तिच्याशेजारी पाठ टेकून माझा दादा, मान छातीवर.

मुखवटा चढवला आणि उतरले. पाच-सहा पायऱ्यांनंतर छातीवरचं मीटर किंचाळायला लागलं. ते मला सांगत होतं की मुखवटा काढलास तर मेलीस. कळतंय रे बाबा, म्हटलं, गप बस.

दादाचे ओठ निळे पडले होते. दुसरा मुखवटा त्याच्या तोंडावर दाबला, हवा सोडली. श्वास आहे की नाही ते कळेना. हलवलं, गालावर चापट्या मारल्या. माझ्या स्वतःच्या श्वासाचाच आवाज कानांत एवढा घुमत होता की दुसरं काही ऐकूच येईना. मग त्याच्या मुखवट्याच्या काचेवर बारीकशी वाफ धरली, गेली, पुन्हा धरली. मी तिथंच हंबरडा फोडला. मुखवट्याच्या आत रडलं की काही दिसत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. चाचपडत त्याच्या काखेतून दोर घातला, गाठ मारली आणि ओढला. वरून हनुमंतनं आणि पोरांनी त्याला खेचला. मी खालून टेकू देत, पायरी पायरी चढवत आणला.

वर आणल्यावर तो खोकला, ओकला, आणि मग डोळे उघडले. वहिनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यालाच शिव्या द्यायला लागली. "फोन उचलता येत नाही का? हात झिजतात का तुमचे?"

संध्याकाळी दवाखान्यात गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. मी दारातच थांबले. हा आता तोंड फिरवणार, असं धरून चालले होते.

"ये, तेजे," तो म्हणाला. "आत ये की. उभी काय राहिलीस?"

किती वर्षांनी! मी खुर्ची ओढून बसले. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. आमच्या घरात असं कुणी करत नाही.

"मिराशी येऊन गेले," तो म्हणाला. "भला माणूस वाटला. रडला माझ्यापुढं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, टाकीचा दाब वाढला म्हणून तू खबरदारी घेऊन चिमणी उघडलीस, असं सांगायचं. माणसांच्या जिवासाठी थोडा वेळ उघडली तर त्या परीक्षक बाईला माफ करता येतं, वर्ष तुटत नाही, हे त्यांनाही आजच तिच्याकडून कळलं म्हणे. तुझं कौतुकच होईल. फक्त विहिरीचं त्यात आणायचं नाही. विहिरीत गॅस असतोच. जुनी विहीर आहे."

"आपल्या विहिरीत कधी होता?"

"नव्हता," तो म्हणाला. "पण तेजे, ऐक माझं. वायू जमिनीतून वर आला असं तू बोललीस की बोअर बंद. मग मागची सगळी वर्षं संशयात. गाड्या घेणार नाहीत. माझा पोरगा घरी बसेल. अख्खं गाव घरी बसेल आणि माझ्या नावानं बोटं मोडेल. नवनाथ टेमगिरे विहिरीत पडला आणि कारखाना घेऊन बुडाला, म्हणतील. मला नाही सोसायचं ते."

"आणि बोअर?"

"गुपचूप दुरुस्त करू म्हणालेत."

"दादा, तो सांधा दुरुस्त करायचा तर बोअर कित्येक महिने बंद ठेवावा लागतो. बंद ठेवला की वायू हवेत. हवेत गेला की वर्ष तुटलं. मग ते दुरुस्त कसा करतील? नाही करणार. तसाच चालवतील. आपल्या विहिरीच्या खाली ओढ्याला अंगणवाडी आहे. तिथं खोलगट आहे."

त्यानं तोंड खिडकीकडं केलं. मग म्हणाला, "तू माझा जीव वाचवलास. आता एवढं माझं ऐक. मी आजवर तुझ्याकडं काही मागितलेलं नाही." ते खरंच होतं. मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीपण म्हटलं नाही. त्यानं ते हो धरलं असावं, कारण निघताना म्हणाला, "उद्या दसरा आहे. जेवायलाच ये."

दसऱ्याला सकाळी कुट्टी मॅडम विहिरीवर आल्या. काल साहेबांबरोबर कारखान्यात पोचल्यावर विहिरीतून माणूस काढल्याचं त्यांच्या कानावर आलंच होतं. शांत बाई. सुती साडी, पायांत बूट. बरोबर मिराशी, हनुमंत, आणि कारखान्यातली बरीच माणसं लांब उभी. कुणाच्या हातात आपट्याची पानं, पण कुणी कुणाला देत नव्हतं. दादा दवाखान्यातून हट्टानं सुटून आला होता. वहिनीनं इतकं काहीबाही शिजवलं होतं की घरातून विहिरीपर्यंत वास येत होता. मला बघून दादा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुट्टी मॅडमनी आधी त्याला विचारलं. मोडकंतोडकं मराठी येत होतं त्यांना. "या विहिरीत आधी गॅस होता?"

"जुनी विहीर आहे मॅडम," दादा म्हणाला. "असतोच."

हनुमंतनं मान डोलावली. तो माझ्याकडं बघत नव्हता. मघाशी मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "ताई, आम्ही सगळे तेच सांगणार आहोत. तुम्हीपण सांगा. पाया पडतो." काल ज्या हातांनी त्यानं माझा भाऊ वर ओढला होता, तेच हात त्यानं जोडले होते.

"आणि तुम्ही?" मॅडमनी मला विचारलं. "तुम्ही चिमणी का उघडली?"

एक वाक्य बोलायचं होतं. टाकीचा दाब वाढला म्हणून. ते खोटंसुद्धा नव्हतं. ते बोलले असते तर दादाच्या पंगतीला बसले असते, त्याच्या शेजारच्या पाटावर, आणि वहिनीनं आग्रह करकरून पुरणपोळी वाढली असती. मला ते हवं होतं. किती हवं होतं हे मलाच सांगता येत नाही.

"बोअरचा वरचा सांधा फुटलाय," मी म्हटलं. "पंप बंद असताना आमचा वायू मुरमातून या विहिरीत आला. माझा भाऊ मरता मरता वाचला. या विहिरीत याआधी कधीही गॅस नव्हता. बोअर आजच बंद करायला हवा. मी लिहून देते."

मिराशींनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. लांब उभ्या असलेल्या पोरांपैकी एकानं माझ्या नावानं शिवी हासडली. ती सगळ्यांना ऐकू गेली, आणि हनुमंतनं त्याला गप्प केलं नाही.

दादानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडला नाही. पाठ फिरवली आणि बांधाच्या कडेनं घराकडं चालायला लागला. वहिनी हात धरायला गेली तर त्यानं तिचा हात झिडकारला. चढावर त्याला धाप लागली. छातीवर हात ठेवून थांबला. माझं एक पाऊल पुढं पडलं, पण मी तिथंच थांबले. मग त्यानं एक मोठा श्वास घेतला, मला तेवढ्या लांबून त्याचे खांदे वर गेलेले दिसले, आणि पुन्हा चालायला लागला. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं. तो घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.